बेशरमच्या पानाखाली

बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षात बसून तारापूरच्या दिशेला निघालं की थोड्याच वेळात औद्योगिक वसाहत सुरू होते. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, वळणावर खोळंबलेले टँकर, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीशी जमलेली माणसं. भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी साचणारी एक पट्टी असते. तिथे माणसाच्या छातीइतकं उंच, फिकट जांभळ्या-गुलाबी फुलांचं एक झुडूप माजलेलं दिसतं. ते कुणी लावलेलं नाही, त्याला पाणी कुणी घालत नाही आणि कापलं तरी ते पुन्हा उभं राहतं. म्हणून त्याचं नाव बेशरम.

पावसाळ्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, या पट्टीशी दोन मिनिटं थांबा. समोरची पानं पाहिलीत तर चाळणी झालेली दिसतील. कुठे गोल भोकं, कुठे नुसत्या शिरा उरलेल्या. आता हे नवल आहे, कारण बेशरमला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. मग हे खाल्लं कुणी?

एखादं पान हलक्या हातानं उलटं करा. नशीब बरं असेल तर तीन गोष्टी दिसतील. एक, करंगळीच्या नखाएवढा, पिवळसर-पांढरा, काळ्या ठिपक्यांचा घुमटाकार किडा. दोन, काट्याकाट्यांच्या अळ्यांचा घोळका. तीन, पानाला चिकटलेला बदामी रंगाचा कागदी कपटा, आणि त्यावर कधीकधी टाचणीच्या टोकाएवढी भोकं. पहिल्या दोघांची ओळख लगेच करून घेऊ. तिसऱ्या गोष्टीवरची भोकं लक्षात ठेवा. त्यांचा उलगडा प्रकरणाच्या शेवटी होईल.

नाव आणि नातलग

हा ठिपकेवाला किडा म्हणजे ठिपक्यांचा कासव-भुंगेरा. शास्त्रीय नाव अ‍ॅस्पिडिमॉर्फा मिलिअरिस. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘ढालीच्या आकाराचा’. दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी ‘मिलियम’ हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ बारीक भरड धान्य. पालघरच्या डोंगरपट्ट्यात नागली आणि वरई पिकवणाऱ्यांना या नावाचं मर्म समजावून सांगायला नको. पांढऱ्या सुपात नागलीचे दाणे विखरून पडावेत तसे याच्या पाठीवर ठिपके असतात. हे नाव १७७५ साली योहान क्रिश्चियन फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं दिलं. तो लिनियसचा शिष्य. गुरूनं झाडांवर आणि प्राण्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावायचं काम मांडलं होतं, शिष्यानं त्यातले किडे वाटून घेतले. फॅब्रिशियस भारतात कधी आला नाही. जहाजांतून युरोपात पोचलेले वाळके नमुने पाहून त्यानं नावं दिली, आणि या गोष्टीमुळे त्याला नेमकं काय दिसलं नसेल ते पुढे येईलच.

भारतातल्या कासव-भुंगेऱ्यांचं पहिलं नीट लावलेलं दप्तर मात्र एका भारतीयाच्या हातचं आहे. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतला या गटावरचा खंड समरेंद्र मौलिक यांनी लिहिला आणि तो १९१९ साली प्रसिद्ध झाला.

ठिपके पाहून बरेच जण याला लेडीबर्ड समजतात. घोटाळा समजण्यासारखा आहे. शिवाय वांग्याच्या वाफ्यात अठ्ठावीस ठिपक्यांचा एक लालसर भुंगेरा पानं खरवडत असतो, आणि तो खरोखरच लेडीबर्डच्या कुळातला आहे. पण आपला कासव-भुंगेरा पान-भुंगेऱ्यांच्या कुळातला. या कुळात आजवर ३५ हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि जवळपास सगळ्या झाडपाल्यावर जगतात. ओळखायची शास्त्रीय खूण पायात असते. पान-भुंगेऱ्याच्या पावलाला पाच पेरं असतात, पण चौथं इतकं बारीक आणि तिसऱ्याच्या खाचेत असं दडलेलं असतं की मोजणाऱ्याला चारच भरतात. लेडीबर्डच्या पावलात याच तऱ्हेनं चाराची तीन दिसतात. भिंग हाताशी नसेल तर सोपी खूण कडेची. कासव-भुंगेऱ्याच्या पाठीचं कवच अंगाच्या बाहेर पसरून त्याची पारदर्शक झालर झालेली असते. अभ्रकाच्या पापुद्र्यातून पाहावं तसं त्या झालरीतून खालचं हिरवं पान दिसतं. डोकं आणि पाय या छपराखाली झाकलेले.

ठिपक्यांचा हिशेब मात्र ठेवायला जाऊ नका. एकाच झुडपावरच्या दोन भुंगेऱ्यांचे ठिपके लहानमोठे, कमीजास्त असू शकतात.

पहिलं झाकण: कागदी पुडी

या भुंगेऱ्याचं सगळं आयुष्य म्हणजे एकामागून एक बदललेली झाकणं. पहिलं झाकण आई देते.

मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, पण उघड्यावर ठेवत नाही. अंडी घालता घालता ती एक स्राव सोडत जाते. तो पातळ पापुद्र्यासारखा वाळतो. पापुद्रा, अंडी, पुन्हा पापुद्रा असे थर रचले जातात आणि शेवटी हाताशी येते ती कागदाची घडी घातल्यासारखी चपटी पुडी. एका पुडीत अंडी डझनांनी असतात. नाकतोड्यासारखा दिसणारा प्रार्थना-कीटक फेसाचं घर करून अंडी ठेवतो हे अनेकांनी पाहिलेलं असतं. भुंगेऱ्यांमध्ये मात्र अशी कारागिरी थोड्याच गटांकडे आहे. साधारण दीड आठवड्यानं पुडीच्या एका तोंडानं अळ्या बाहेर पडतात.

दुसरं झाकण: जुने कपडे

अळी पाहिली की पहिला विचार येतो तो हात न लावण्याचा. फिकट अंग, काळे डाग, आणि दोन्ही कडांना फांद्या फुटलेल्या काट्यांची रांग. शेपटीच्या टोकाला दुबेळकं आहे. अळी वाढताना कात टाकते, पण टाकलेली कात फेकून देत नाही. ती या दुबेळक्यात अडकून राहते. पुढची कात सुटली की ती पहिलीच्या खाली जाऊन बसते. मोठ्या अळीच्या शेपटीवर म्हणून तिच्या सगळ्या बालपणाचा गठ्ठा बांधलेला असतो. कुणी डिवचलं की ती शेपूट पाठीवर उचलते आणि तो गठ्ठा शत्रूच्या तोंडासमोर धरते. या गटातल्या कित्येक जाती जुन्या कपड्यांवर थांबत नाहीत, त्या गठ्ठ्यात स्वतःची विष्ठाही थापतात.

ही ढाल खरंच चालते का, हा प्रश्न अमेरिकेत टॉमस आयझनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगानं सोडवला. १९६७ साली त्यांनी कासव-भुंगेऱ्याच्या युरोपीय जातीच्या अळ्यांसमोर मुंग्या सोडल्या. ढाल शाबूत असलेल्या अळीपुढे मुंगी बिचकून मागे फिरली, ढाल काढून घेतलेली अळी सहज सापडली. पण पुढच्या काळात इतरांनी पाहिलं की कागदी घरं करणाऱ्या गांधीलमाशीला या ढालीचं काहीच वाटत नाही. ढाल मुंगीसाठी होती. गांधीलमाशी वरून येते, उचलून नेते.

आपल्या ठिपकेवाल्याच्या अळ्या आणखी एक शहाणपण करतात. त्या एकत्र राहतात. एकाच पानावर एकमेकींना खेटून खातात, ते संपलं की दुसऱ्या पानावर सरकतात आणि कुणी आलं की शेपट्यांचं जंगल एकदम वर होतं. एकटी अळी म्हणजे घास, पंचवीस अळ्या म्हणजे काटेरी कुंपण.

तिसरं झाकण: उधार घेतलेली बुरशी

पुरेसं खाणं झालं की अळी पानाला किंवा देठाला शेपटीकडून चिकटते आणि कोषात जाते. हे आयुष्यातलं सगळ्यात नाजूक आठवडाभराचं पर्व. पळता येत नाही, शेपूट नाचवता येत नाही. या गटातली एक जात या काळात काय करते ते पनामात उलगडलं, आणि ते इतकं अजब आहे की इथे सांगायलाच हवं.

केलिमॉर्फा आल्टरनान्स हा तिथला कासव-भुंगेरा. तोही आपल्याकडच्यासारखाच रताळ्याच्या कुळातल्या वेलींवर जगतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्याच्या कोषावर फ्युझेरियम नावाच्या बुरशीचा पांढरा थर वाढतो. बुरशी कोषाला इजा करत नाही. उलट बुरशी पुसून टाकलेले कोष शत्रूंच्या तोंडी जास्त पडले. मग भुंगेरा या राखणीची किंमत काय देतो? फ्युझेरियम म्हणजे शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या ‘मर’ रोगाची बुरशी. प्रौढ भुंगेरा तिचे बीजाणू पायांवर घेऊन नव्या वेलींवर पोचवतो. बुरशी त्याचा कोष राखते, तो बुरशीला प्रवास घडवतो, आणि दोघांचा खर्च वेल भरते.

पान पचवायलाही या मंडळींना उसनी मदत लागते. पानाच्या पेशींच्या भिंतीत पेक्टिन असतं. आपण पेरूची जेली करतो ती त्याच्याच जोरावर घट्ट होते. ते फोडायचं विकर या गटातल्या कित्येक भुंगेऱ्यांकडे स्वतःचं नाही. ते काम पोटात सांभाळलेला एक जिवाणू करतो. २०१७ साली त्याची जनुकीय पोथी वाचली गेली, तेव्हा ती जेमतेम पावणेतीन लाख अक्षरांची निघाली. आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलायची पोथी त्याच्या पंधरापटीहून मोठी असते. बाकी सगळं विसरून या जिवाणूनं फक्त पान फोडायचा धंदा लक्षात ठेवला आहे. आई प्रत्येक अंड्याच्या टोकाशी त्याची शिदोरी ठेवते. अळी अंड्यातून निघतानाच ती पोटात घेते.

चौथं झाकण: छप्पर आणि सोनं

कोषातून निघालेला भुंगेरा शेवटचं झाकण घेऊन येतो. मुंगी आली की तो पळत नाही. पाय आणि मिशा आत ओढून घेतो, छपराची कड पानाला टेकवतो आणि गच्च बसतो. कासव उलटं पाडता येतं, याला उचलायला नख घालायलाही फट सापडत नाही.

ही पकड येते कुठून? फ्लोरिडातल्या एका निळ्या कासव-भुंगेऱ्यावर आयझनर आणि अ‍ॅनेशान्सली यांनी केलेलं काम २००० साली प्रसिद्ध झालं. त्याच्या प्रत्येक पावलाच्या तळव्यावर सुमारे दहा हजार बारीक केस, म्हणजे सहा पायांवर साठ हजार. प्रत्येक केसाच्या टोकाला दोन गाद्या, आणि त्यावर तेलाचा पातळ थर. संशोधकांनी त्याच्या पाठीला दोरा लावून वर खेचलं, तर स्वतःच्या वजनाच्या साठपट ओढ त्यानं दोन मिनिटं सोसली. चालताना मात्र तो मोजकेच केस टेकवतो, नाहीतर त्याचाच पाय त्याला सुटला नसता.

या गटाची सगळ्यांत देखणी गोष्ट म्हणजे सोनेरी झाक. आपल्या ठिपकेवाल्याच्या अंगावर ती थोडी असते. त्याच्या काही भाईबंदांच्या अंगावर मात्र ओतीव सोन्याचा थेंब पानावर पडावा तशी चमकते. हा रंग कुठल्याही रंगद्रव्याचा नाही. कवचात एकावर एक अतिसूक्ष्म थर असतात आणि त्यांच्यावरून परतलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना सोनं भासतो. थरांमध्ये ओल असेल तोवरच ही करामत चालते. पनामातला एक जातभाई डिवचल्यावर ही ओल आखडून घेतो आणि सोनेरीचा लाल होतो. २००७ साली पदार्थवैज्ञानिकांनी त्याचं गणित मांडलं. भुंगेरा मेला की थर वाळतात आणि सोनं विझून तपकिरी कवच उरतं. फॅब्रिशियसच्या टेबलावर पोचलेल्या वाळक्या नमुन्यांना नागलीच्या दाण्यांचं नाव मिळालं. सोनं बोटीवर चढण्याआधीच गेलेलं होतं.

ताट परदेशी, जेवणारा इथला

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. शेळी सोडते ते हा का खातो?

बेशरमच्या पानात स्वेन्सोनीन नावाचं विष असतं. दुष्काळात दुसरा पाला नसताना शेळ्या ते खाऊ लागल्या की काही आठवड्यांत त्या थरथरतात, पावलं वेडीवाकडी पडतात. गंमत अशी की हे विष झाडाचं स्वतःचं नाही. झाडाच्या आत गुपचूप राहणारी एक बुरशी ते बनवते. कासव-भुंगेऱ्याला मात्र या पानानं काही होत नाही. त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या याच कुळातल्या पाल्यावर वाढल्या आहेत.

कूळ मोठं आहे, आणि पालघरच्या माणसाला त्यातले बरेच जण परिचयाचे आहेत. आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला उकडून खातो ते रताळं याच कुळातलं. तळ्याकाठची नाळीची भाजी याच कुळातली. केळवे किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर वाळूवर पसरलेली, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची मर्यादवेल, तीही यातलीच. समुद्रानं ओलांडू नये अशी रेघ ती आखते, म्हणून मर्यादा. फुलांचा भोंग्यासारखा आकार सगळ्यांना सारखा.

यात एक इतिहास दडलेला आहे. भुंगेरा अस्सल आशियातला आहे. भारतापासून इंडोनेशिया-फिलिपाइन्सपर्यंत त्याचं राज्य पसरलेलं आहे. पण आज ज्या दोन झाडांवर तो आपल्याला हमखास भेटतो, ते बेशरम आणि रताळं, दोन्ही मूळची अमेरिकेतली. रताळं आलं ते खाण्यासाठी. बेशरमला लोकांनी जवळ केलं ते शोभेसाठी आणि गुरं खात नाहीत असं कुंपण म्हणून. ही दोन्ही येण्याआधी भुंगेरा इथल्या देशी वेलींवरच भागवत असणार. त्या वेली पावसात येतात, उन्हाळ्यात वाळतात. बेशरम ओहोळाच्या कडेला वर्षभर उभं. औद्योगिक वसाहतीनं जिथे रस्ता उंच केला, पाणी अडलं, भिंत घातली आणि मधली पट्टी कुणाचीच राहिली नाही, तिथे भुंगेऱ्याला आयतं ताट मिळालं.

मग बेशरम संपत का नाही?

कुणीही विचारेल: हा इतकं खातो, तर त्यालाच सोडून बेशरमचा निकाल का लावत नाही? असा प्रयोग आपण दुसऱ्या तणावर केला आहे. १९५५-५६च्या सुमाराला पुण्यात नोंदलं गेलेलं गाजरगवत देशभर पसरल्यावर, १९८३ साली मेक्सिकोहून त्याचा खास पान-भुंगेरा बंगळुरात आणला गेला. चाचण्या करून १९८४ मध्ये त्याला मोकळं सोडलं. महाराष्ट्रात त्याला ‘मेक्सिकन भुंगे’ म्हणतात. पावसाळ्यात ते गाजरगवताची पानं फस्त करतात. मात्र पाऊस ओसरला की जमिनीत दडी मारतात, आणि मधल्या काळात गवत पुन्हा डोकं काढतं. सूर्यफुलावर ते दिसले तेव्हा मोठी काळजी पसरली होती. पण सूर्यफूल त्यांचं खरं अन्न नाही, असं पुढे दिसून आलं.

मेक्सिकन भुंगा इथे आला तो त्याचे खास शत्रू मागे टाकून. ठिपकेवाला कासव-भुंगेरा इथलाच असल्यामुळे त्याचे शत्रूही इथेच आहेत, आणि त्यांना त्याची प्रत्येक ढाल ठाऊक आहे. शिवाय बेशरमचं नाव उगीच पडलेलं नाही. पानं गेली तरी खोड जिवंत राहतं, तुटलेली फांदी चिखलात पडली तर तिला मुळं फुटतात.

रताळं लावणाऱ्यानंही या भुंगेऱ्याची धास्ती घेऊ नये. रताळ्याचा खरा वैरी सोंड्या भुंगा. तो कंद पोखरतो आणि आत कडवट भुगा करून ठेवतो. कासव-भुंगेरा पानावर भोकं पाडतो, एवढंच. फार झाले तर फवारणीआधी हात वापरावा. अळ्या घोळक्यानं राहत असल्यामुळे एक पान खुडलं की अख्खं कुटुंब हातात येतं. घोळक्याचं जे शहाणपण मुंगीपासून वाचवतं, तेच माणसाच्या हाती सापडवतं.

भोकांचा उलगडा

१९८०च्या दशकात सुमात्रातल्या पडांगमध्ये जपानी आणि इंडोनेशियन अभ्यासकांनी या भुंगेऱ्याचं जन्ममृत्यूचं खातं मांडलं. किती अंडी घातली गेली, त्यातली किती कुठल्या टप्प्यावर आणि कुणामुळे गेली, याचा तो जमाखर्च १९८७ साली प्रसिद्ध झाला. अशा खात्यात पानापानांतून एकच गोष्ट दिसत राहते. घातलेल्या अंड्यांपैकी फार थोडी सोन्यापर्यंत पोचतात.

आता पान पुन्हा उलटं करा आणि त्या बदामी पुडीकडे पाहा. पुडीचं एक तोंड मोकळं असेल आणि आसपास अळ्या असतील तर सगळं ठीक झालं. पण पुडीच्या पाठीवर टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं असतील, तर त्यातून अळी बाहेर आलेली नाही. तांदळाच्या कणीहूनही लहान अशी एक माशी, खरं म्हणजे गांधीलमाशीची बारकी चुलत बहीण, पुडी ताजी असताना तिच्यावर येऊन बसली होती. तिनं कागदातून सोंडेसारखी नळी आत घालून भुंगेऱ्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी ठेवली. आईनं थरावर थर रचून केलेल्या झाकणात तिची पिल्लं सुरक्षित वाढली. कागद मुंगीला थांबवतो, त्या माशीला मात्र तो आयता पाळणा झाला. वाढ पूर्ण झाल्यावर त्यांनी आतून कागद कुरतडला आणि ती उडून गेली.

टँकर हलला, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. पान जसं होतं तसं सोडून द्या. पुढच्या पानाखाली मादी नवी पुडी घडी घालायला बसली असेल, आणि वरच्या फांदीवर कणीएवढं कुणीतरी तिची पुडी पुरी व्हायची वाट पाहत असेल.